सदतीस फेरे, एक चाक

जुन्या सीजे-३बी जीपमध्ये गिअरच्या मोठ्या दांडीशेजारी दोन छोट्या दांड्या असतात. एक पुढच्या चाकांना जोर देते, दुसरी गाडीचा वेग मुद्दाम पाडते. ही दुसरी दांडी लोमध्ये टाकून पहिला गिअर घातला, की इंजिनाचे सदतीस फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. गिअरबॉक्समध्ये २.८, या दोन्ही छोट्या दांड्या जिच्यावर चालतात त्या ट्रान्स्फर केसमध्ये २.४६, डिफरन्शियलमध्ये ५.३८, तिघांचा गुणाकार सदतीस. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने चालते. बाजाराची पिशवी घेऊन घराकडे निघालेला माणूस तिला सहज मागे टाकील. पण घर्षणात जातो तेवढा सोडला, तर चाकाशी पोचलेला जोर मात्र इंजिनाच्या सदतीस पट असतो.

हे कागदावर वाचलं तर आकडे राहतात. ट्रान्स्फर केस काढून टेबलावर घेतली, झाकण उघडलं, एकेका गिअरचे दात बोटाने मोजले आणि एक शाफ्ट हाताने फिरवून दुसरा किती फिरतो ते पाहिलं, की तोच हिशेब डोळ्यांसमोर घडतो. पहिली जीप बांधायला घेणाऱ्याला मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, असं मला वाटतं. या गाडीत झाकलेलं काही नाही. प्रत्येक भाग का आहे हे तो भाग स्वतःच सांगतो, आणि बहुतेक भाग तालुक्याच्या गावात दुरुस्त होतात.

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडसारख्या ठिकाणी या रचनेचं मोल चटकन कळतं. बालाघाटच्या रांगा, मधल्या खोऱ्यांत काळं रान, आणि रानात जाणाऱ्या पाणंदी. काळ्या मातीतला चिकण भाग पाणी पिऊन फुगतो. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेलं तेच रान आषाढात चाकाला लोंद्यांनी चिकटतं. दोनच चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत सगळे फेरे कमी पकड असलेल्या चाकाकडे पळतात. एक चाक गरगर फिरतं, दुसरं गप्प उभं राहतं. जीपमध्ये पुढचा आणि मागचा आस एकमेकांना थेट बांधता येतात. त्यामुळे मागचं एक चाक मोकळं फिरलं तरी पुढचा आस गाडी ओढत राहतो. मूळची सहा इंची अरुंद टायरं वरचा चिखल कापून खालच्या कठीण थराला टेकतात. म्हणून अशा गाडीला रुंद, गुबगुबीत टायर घालणं मला तरी पटत नाही.

हेच बांधलेले आस डांबरी रस्त्यावर शत्रू होतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. ८० इंच व्हीलबेसची जीप साडेपाच मीटर त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ फिरली, तर पुढच्या आसाला मागच्यापेक्षा जवळपास अडीच मीटर जास्त अंतर काटावं लागतं. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. डांबरावर ते घसरत नाही, मग दोरीला पीळ भरावा तसा शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये पीळ भरत जातो आणि दांडी जागची हलत नाही. जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसमधले खाल्लेले दात पुष्कळदा याचीच साक्ष देतात. फोर व्हील रानात शिरताना लावावं आणि सडकेला लागताच काढावं.

ही रचना युद्धाच्या घाईतून आली. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला. बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी दोन दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला गाडी सैन्याच्या तळावर पोचली. पुढे विलीज कंपनीने बार्नी रूस यांच्या देखरेखीखाली सुधारलेलं दणकट इंजिन दिलं आणि मोठं उत्पादन विलीज व फोर्ड या दोघांकडे गेलं. दोन कारखान्यांचे भाग एकमेकांना बसलेच पाहिजेत, अशी सैन्याची अट होती. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवलं. युद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेल्या पुष्कळ जीप भारतात विकल्या गेल्या. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या चासीवर पुसून पाहताना ते अक्षर दिसू शकतं, आणि १९४० च्या दशकातला बोल्ट आपल्या पान्यात आहे हे कळून अंगावर काटा येतो.

महिंद्राची कंपनी १९४५ ची. १९४७ मध्ये सुट्या भागांच्या रूपात आलेल्या पहिल्या ७५ विलीज गाड्या तिने मुंबईत जोडल्या. पुढे सीजे-३बी आली, आणि अमेरिकेत १९६८ मध्ये ती बंद झाली तरी आपल्याकडे तिचं घराणं चालत राहिलं. मराठवाड्यात तहसीलदार आले ते जीपमधून, १९७२ च्या दुष्काळी कामांवर साहेब आले ते जीपमधून, आणि निवडणुकीचा भोंगाही जीपवरच वाजला.

सीजे-३बीचं बॉनेट इतकं उंच का, याचं उत्तर इंजिन उघडल्यावर मिळतं. युद्धातल्या इंजिनात आत घेणारे आणि बाहेर सोडणारे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच होते. हेड म्हणजे वर ठेवलेलं नुसतं झाकण. त्या रचनेत हवेला वळणं घेत शिरावं लागे. नव्या हरिकेन इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि बाहेर सोडणारा खालीच ठेवला. व्हॉल्व्हला वर मोठी जागा मिळाली, हवा सरळ खाली उतरू लागली, आणि त्याच २१९९ सीसीतून ६० ऐवजी सत्तरीच्या पुढे अश्वशक्ती निघाली. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. एका व्हॉल्व्हने गाडीचा चेहरा बदलला. पिस्टनचा व्यास ७९ मिलिमीटर आणि त्याची धाव १११ मिलिमीटर. ही लांब धाव इंजिनाला पळायला फारसं लावत नाही. जोर दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच देते, आणि चढावर तोच लागतो.

आता गाडीला हात घालू. सगळ्यात आधी चाकांना पुढून-मागून दगड लावा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर एक ड्रम असतो, तो धरला जातो. शाफ्ट सोडवला की हँडब्रेक काहीच धरत नाही. त्याहून धोक्याचं असं की मागचं एकच चाक जॅकने उचललं, तर शाफ्ट धरलेला असूनही डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक उलटं फिरतं आणि टेकलेलं चाक गाडीसकट घरंगळतं. सपाट जमीन, दगड आणि भक्कम स्टँड यांच्याशिवाय खाली वाकू नका.

मग पाने. मूळच्या जीपचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत आणि आपल्याकडच्या पेट्यांत पाने मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेराचा पाना त्याला बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटावर जोर केला की कोपरे गोल होतात आणि पुढे छिन्नी घ्यावी लागते. सात-सोळांश इंचाच्या नटावर अकराचा पाना चढतच नाही. पाऊण इंचाला मात्र एकोणीसचा छान बसतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५. इंचाच्या पान्यांची पेटी ही या कामातली पहिली खरेदी असावी.

चासी उघडी झाली की ती सरळ आहे का ते पाहायचं. त्यासाठी लाखांची यंत्रं लागत नाहीत. गवंड्याचा ओळंबा पुरतो. स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलचे बिंदू ओळंब्याने फरशीवर उतरवा, खडूने खुणा करा, आणि समोरासमोरचे कर्ण टेपने मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तर चासी काटकोनात आहे. फरक दिसला तर कधीतरी गाडी धडकली आहे किंवा जास्त ओझ्याने वाकली आहे. गंज शोधायचा तो मागच्या आडव्या पट्टीत आणि पाट्यांच्या टेकूंजवळ, कारण तिथे चिखल साचतो आणि वर्षानुवर्षं ओल धरतो. हातोडीने ठोकत चला. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला की आतून पत्रा गेलेला आहे.

माझ्या मते या गाडीतला सर्वात विलक्षण भाग पुढच्या चाकामागच्या गोल हाउसिंगमध्ये आहे. पुढच्या चाकाला एकाच वेळी वळायचंही असतं आणि जोर घेऊन फिरायचंही असतं. आतला शाफ्ट म्हणून सांध्यातून मोडलेला असतो. साधा क्रॉसचा सांधा वाकला की एक गंमत होते: तीस अंशात वळलेलं असताना शाफ्ट एकसारखा फिरला, तरी चाकाचा वेग एका फेऱ्यात दोनदा ०.८७ पट होतो आणि दोनदा १.१५ पट. फोर व्हील लावून पूर्ण वळण घेताना स्टिअरिंगला येणारा धक्का तो हाच. युद्धातल्या अनेक जीपमध्ये यावर उपाय होता: आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२० च्या दशकात बनवलेला सहा गोळ्यांचा सांधा. त्यात गोळ्या नेहमी दोन शाफ्टमधला कोन बरोबर निम्मा करणाऱ्या पातळीत राहतात, म्हणून वेग सारखा राहतो. आज रस्त्यावरची जवळपास प्रत्येक पुढच्या चाकांवर चालणारी छोटी कार याच तत्त्वावर वळते.

हे हाउसिंग उघडलं की काळपट ग्रीस, चिखल आणि पाण्याचा राप निघतो. नमद्याचं सील गेलेलं असतं. डिझेलने सगळं धुवा, सील बदला. वर-खाली दोन किंगपिन असतात आणि त्यांच्या टोप्यांखाली कागदासारख्या पातळ पत्र्यांच्या चकत्या, म्हणजे शिम. एक शिम काढली की बेअरिंग घट्ट होतं, घातली की सैल. टाय रॉड सोडवून, हाउसिंगच्या आर्मला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं आणि किती जोर लागतो ते वाचायचं. मॅन्युअलमधला आकडा येईपर्यंत शिम बदलत राहायच्या. सैल राहिलं तर गाडी एका ठरावीक वेगाला पुढून थरथरते.

इंजिनाचं काम लेथवर जाईल. सिलिंडर वीस, चाळीस किंवा साठ हजारांश इंचांनी बोअर करून तेवढे मोठे पिस्टन घालता येतात. वीस हजारांश इंच म्हणजे अर्धा मिलिमीटर. आधीच साठपर्यंत गेलेला ब्लॉक असेल तर लाइनर घालावा लागतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असल्याने पंपाचा डायाफ्राम आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि जुन्या मास्टर सिलिंडरवर चारही चाकं अवलंबून असतात. एक नळी फुटली की सगळे ब्रेक जातात. म्हणून पाइप, होज आणि व्हील सिलिंडर जुने ठेवण्याचा मोह धरू नका.

पत्रा आणि रंग हे सगळ्यात शेवटी. लांबीचे थर चढवून गंज झाकणाऱ्यापासून दूर राहा.

आपल्याकडे पुष्कळ जीप डिझेलच्या निघतील. महिंद्राने स्वतः आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं आणि मग प्यूजोचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. शिवाय गावोगावच्या मिस्त्रींनी पेट्रोलच्या गाड्यांचंही डिझेल केलं. पेट्रोल परवडत नव्हतं तेव्हा डिझेलमुळेच या गाड्या प्रवासी वाहतुकीत तगल्या, नाहीतर भंगारात गेल्या असत्या. अशा गाडीला कमअस्सल समजू नये. पण कागद पाहावेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, आणि आरसी बुकातलं इंधन, चासी नंबर, इंजिन नंबर गाडीशी जुळलेच पाहिजेत. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या, चासी, बॉडी आणि इंजिन न बदललेल्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. शेतावर नेण्यासाठी बांधत असाल तर साधी नोंदणीच जिवंत ठेवा आणि बोल्ट सोडवण्याआधी नांदेडच्या आरटीओत चौकशी करा.

काम दिवाळीनंतर काढा. घासलेला उघडा पत्रा पावसाळी हवेत एका रात्रीत तांबूस होतो आणि त्यावर मारलेला रंग टिकत नाही. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याआधी चासीवर प्रायमरचे दोन हात बसलेले असावेत.