कृष्णकमळाच्या वेलीवरील नारिंगी फुलपाखरू

पॅशनफ्रूट किंवा शोभेच्या कृष्णकमळाची वेल लावणाऱ्या बागायतदारांना एक अनुभव हमखास येतो. वेल जोमात असताना काही पानांची एकाएकी चाळण होते आणि पानाखाली तांबूस, काटेरी अळ्यांचा घोळका दिसतो. या अळ्या ‘टॉनी कॉस्टर’ नावाच्या नारिंगी फुलपाखराच्या होत. माळरानावर, पडीक रानात व बांधावर जमिनीलगत संथपणे उडणारे, पंखांवर काळे ठिपके असलेले हे फुलपाखरू आपण सर्वांनी पाहिलेले असते. पंख पसरल्यावर त्याची रुंदी ५ ते ६.५ सें.मी. भरते.

मादी पिवळसर अंडी पुंजक्याने घालते. लहान अळ्या एकत्र राहून पानाचा हिरवा भाग खरवडतात. मोठ्या झाल्यावर त्या विखुरतात व पाने, कोवळे शेंडे फस्त करतात. अंगावरचे काटे भीतिदायक दिसले तरी घोणस अळीसारखा दाह करत नाहीत. कोष पांढरट असून त्यावर काळ्या रेषा व नारिंगी ठिपके असतात. तो काडीला किंवा मांडवाच्या तारेला उलटा लटकतो. अंड्यापासून फुलपाखरू होण्यास साधारण ३ ते ४ आठवडे लागतात.

या फुलपाखराच्या अंगात सायनाइडयुक्त द्रव्य असते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. चिमटीत धरल्यास ते मेल्याचे सोंग घेते व पिवळा द्रव सोडते. उडण्याची घाई त्याला नसते ती यामुळेच!

अळ्या दिसताच फवारणीचा पंप उचलू नये. पिवळ्या पॅशनफ्रूटला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. परागीभवनाचे काम लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा करतो. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले तर अळीबरोबर भुंगाही मरतो आणि पानांपेक्षा मोठे नुकसान फळधारणेत होते. वाढलेली वेल थोडी पाने गेली तरी पुन्हा फुटते. खरी काळजी रोपवाटिकेतील व नव्या लागवडीतील रोपांची घ्यावी. आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहावीत आणि अंड्यांचे पुंजके किंवा लहान अळ्यांचे घोळके असलेले पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावे. अळ्या विखुरल्यावर हेच काम दसपट वाढते.

बांधावर पावसाळ्यात उगवणाऱ्या रतनपुरुष या वनस्पतीवरही हीच अळी वाढते. तेथे मात्र तिला हात लावण्याचे कारण नाही.