आरोप आणि साक्ष : पंडिता रमाबाईंचे उत्तर

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘साक्ष’ या शब्दाला विशेष अर्थ आहे. न्यायालयातील साक्षीदार घडलेले सांगतो. श्रद्धावान व्यक्ती जगण्यातून श्रद्धेची प्रचिती देते, तीही साक्षच. आरोपाचे खंडन आणि साक्ष यांतील भेद पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात स्पष्ट दिसतो.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. धार्मिक तटस्थता हे संस्थेचे धोरण होते. परंतु काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या आणि त्या मुलींना बाटवितात, असा आरोप झाला. ‘केसरी’ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

रमाबाईंची भूमिका अशी होती : प्रार्थनेची सक्ती करणार नाही, पण प्रार्थनेच्या वेळी दारही लावून घेणार नाही. आक्षेपकांची शंका निराधार नव्हती. संचालिकेचे उघडे दार तटस्थ असते का, हा प्रश्न उरतोच. रमाबाईंनी मात्र श्रद्धा लपविली नाही आणि कामही सोडले नाही. १८९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुलींना केडगाव येथे आश्रय दिला. अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात वेचली.

शब्दाने आरोप खोडता येतो. विश्वास मात्र आचरणातूनच सिद्ध होतो. ‘साक्ष’ या शब्दाची अर्थच्छटा या प्रसंगाच्या आधारे स्वतःच्या शब्दांत मांडून पाहा.