पाण्याला आत घेणारा रेग्युलेटर

मुकुंदवाडीत रेग्युलेटर म्हणजे काय हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या चिकलठाणा एमआयडीसीत कॉम्प्रेसरच्या लाईनवर हात काळे केलेली माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. लाईनचा दाब उतरवून मशीनला झेपेल तेवढीच हवा सोडणारा डबा, त्यातला डायफ्राम, स्प्रिंग आणि दर काही महिन्यांनी जाणारी ओ-रिंग, हे सगळं त्यांच्या रोजच्या ओळखीचं. पाणबुड्याच्या तोंडातलं यंत्रही याच घराण्यातलं. त्याचा ऐंशी वर्षांचा प्रवास पाहिला की मालवणच्या समुद्रात डुबकी मारायला काय घ्यावं आणि कशावर पैसे घालू नयेत, हे बऱ्यापैकी उलगडतं.

युद्धकाळात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवायची खटपट सुरू होती. एअर लिक्विड कंपनीतला अभियंता एमिल गान्याँ याच्याकडे त्यासाठी केलेला एक व्हॉल्व्ह होता. नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो त्याला 1942 च्या अखेरीस भेटला आणि 1943 मध्ये दोघांनी तोच व्हॉल्व्ह श्वासासाठी वळवून पाहिला. पहिली चाचणी पॅरिसजवळच्या मार्न नदीत झाली. कुस्तो आडवा पोहायचा तोवर ठीक. उभा राहिला की हवा फुकट वाहून जायची, डोकं खाली केलं की छातीचा जोर लावून ओढावी लागायची. श्वास सोडायची वाट आणि हवा येण्याची जागा यांत वीतभर अंतर होतं, आणि वीतभर पाण्याच्या दाबाचा फरकही फुप्फुसाला जाणवतो. दोन्ही शेजारी आणल्यावर खोड गेली.

या प्रसंगात पुढची सगळी कथा आली. कारखान्यातल्या रेग्युलेटरला बाहेरच्या हवेशी देणंघेणं नसतं, एकदा चावी फिरवली की काम झालं. पाणबुड्याच्या रेग्युलेटरला मात्र खोली घडीघडीला कळावी लागते. ती कळायची तर बाहेरच्या पाण्याने आतल्या भागांवर रेटा द्यायलाच हवा. म्हणजे पाण्याला दार उघडं ठेवणं आलं, आणि पाण्यापाठोपाठ मीठ, वाळू, गाळ, बर्फही.

1952 मध्ये मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने एकनळी ‘पोरपॉइज’ बाजारात आणला आणि काम दोघांत वाटलं गेलं. सिलिंडरवरची फर्स्ट स्टेज 200 बारचा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण 9-10 बार जास्त इतक्यावर उतरवते. तोंडातली सेकंड स्टेज मागाल तेवढाच श्वास देते. निवड करताना खरी घासाघीस होते ती फर्स्ट स्टेजवर. पिस्टनच्या जातीत स्प्रिंगच्या खोलीत पाणी थेट शिरतं. डायफ्रामच्या जातीत पडद्याआडचा व्हॉल्व्ह कोरडा राहतो. त्यावर आणखी एक पडदा चढवला की स्प्रिंगही कोरडी. अशा मॉडेलला सील्ड म्हणतात.

मालवण-तारकर्लीचं पाणी उबदार, खारं आणि उथळ. पावसाळा सरल्यावर नद्यांचा गाळ बसेपर्यंत गढूळही. पर्यटकांच्या उथळ डुबकीला साधा, अनबॅलन्स्ड पिस्टन पुरतो; सुटे भाग मोजके, दुरुस्ती स्वस्त. बॅलन्स्डची किंमत वसूल होते ती खोलात. 30 मीटरवर दाब चौपट आणि हवाही तितकीच दाट. सिलिंडर रिकामं होत आलं तरी श्वास जड होऊ नये यासाठी ती रचना. ग्रँड आयलंड, नेत्राणी, अंदमान अशी भटकंती करायची असेल तर सील्ड, बॅलन्स्ड डायफ्राम घ्यावा, असं माझं स्पष्ट मत.

थंड पाण्यासाठीच्या मॉडेलवर मात्र इथे पैसे ओतू नयेत. दाब उतरताना हवा फुगते आणि गार पडते. आइसलँडच्या सिल्फ्रासारख्या 2-4 अंशांच्या पाण्यात तेवढ्यानेही बर्फ धरतो आणि व्हॉल्व्ह उघडाच अडकतो. श्वास बंद पडत नाही, उलट हवा धो धो सुटते आणि सिलिंडर काही मिनिटांत संपतं. म्हणून युरोपच्या ईएन 250 मानकात 10 अंशांची रेघ आहे. त्याखाली न चालणाऱ्या यंत्रावर तसा शिक्का असतो. जर्मनीतल्या तळ्यात उतरणाऱ्या भाच्याला तो शिक्का बघायला जरूर सांगा. मालवणात त्याच पैशांतून दरवर्षीची सर्व्हिसिंग करावी. आणि डुबकीनंतर गोड्या पाण्यात धुताना फर्स्ट स्टेजची टोपी घट्ट बसवून, सेकंड स्टेजवरचं, हवा सोडणारं पर्जचं बटण न दाबता धुवावं. नाहीतर धुण्याचं पाणीच नळीतून आत चढतं.

आता आमच्या नळाला येणाऱ्या पाण्याचं, म्हणजे पैठणच्या नाथसागराचं. मीठ नाही, पण गाळ आहे. धरणाची पूर्ण संचय पातळी 463.9 मीटर, आणि समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वरची डुबकी उंचावरची मानतात. रेग्युलेटरला याची फिकीर नाही, तो भोवतालच्या दाबाशी जुळवून घेतो. शरीरातला नायट्रोजन तसं करत नाही; वर येताना बाहेरचा दाब समुद्रापेक्षा कमी भेटतो, म्हणून तक्ते आणि डाइव्ह कॉम्प्युटर उंचीप्रमाणे बदलावे लागतात. दरवाजे किंवा जॅकवेलच्या कामासाठी अशा पाण्यात उतरायचं असेल तर पडदा सील्ड हवाच. आणि पाणी घाण असेल तर तोंडातला रेग्युलेटर बाजूला ठेवून पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घ्यावा.