जोधपूर वैमानिकी महाविद्यालय

भारतीय हवाई दलातील नवोदित वैमानिकांना उड्डाणशिक्षण देणारी भूतपूर्व संस्था. राजस्थानातील जोधपूर येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेल्या उड्डाणशाळेची परंपरा तिने पुढे चालविली. ज्या भौगोलिक अनुकूलतेमुळे हे स्थान शिक्षणासाठी निवडले गेले, तिचे महत्त्व फाळणीनंतर बदललेल्या सरहद्दीमुळे उणावले. या दृष्टीने या संस्थेचा इतिहास उद्‌बोधक आहे.

पार्श्वभूमी : शिकाऊ वैमानिकाला निरभ्र आकाश, दूरवर दिसू शकेल असे हवामान, सपाट भूमी व विमानांची विरळ वर्दळ यांची गरज असते. इंजिन बंद पडल्यास उतरण्याजोगी मोकळी जमीनही जवळपास असावी लागते. जोधपूरचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सु. ३६ सेंमी. असून वर्षातील बहुतेक दिवस उड्डाणास योग्य असतात. मारवाड संस्थानचे अधिपती महाराज उमेदसिंग (कार. १९१८–४७) हे स्वतः वैमानिक होते. त्यांच्या आश्रयाने १९३१ मध्ये तेथे उड्डाण मंडळ स्थापन झाले. त्याच दशकात यूरोपातून पूर्वेकडे जाणारी डच, फ्रेंच व ब्रिटिश कंपन्यांची विमाने कराची व अलाहाबाद यांच्या दरम्यान जोधपूरला थांबत. विमानविद्येची आवड इतर संस्थानिकांतही होती. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांनी १९३९ मध्ये आपल्या संस्थानात विमानतळ उभारला.

युद्धकाळ : युद्धाच्या आरंभी भारतीय हवाई दलात केवळ एक स्क्वॉड्रन होते, युद्ध संपेपर्यंत ही संख्या नऊ झाली. या विस्तारासाठी शिक्षणाची टप्प्याटप्प्याची रचना करण्यात आली. जमिनीवरील प्रारंभिक शिक्षण लाहोरजवळील वॉल्टन येथे व पुढे पुणे येथे होई. प्राथमिक उड्डाणशिक्षणाच्या दोन शाळा होत्या : पहिली हैदराबादजवळ बेगमपेठ येथे व दुसरी जोधपूर येथे. दोन्ही शाळा संस्थानी विमानतळांवर निघाल्या, हे लक्षणीय आहे. यापुढील शिक्षण अंबाला येथे, तर युद्धप्रत्यक्ष शिक्षण रिसालपूर व पेशावर येथे दिले जाई.

जोधपूरला टायगर मॉथ हे १३० अश्वशक्तीचे, कापडी आवरणाचे द्विपंखी विमान वापरीत. त्यात निदेशक व छात्र उघड्या कक्षांत एकामागे एक बसत आणि बोलनळीतून सूचना दिल्या जात. साधारणतः दहा-बारा तासांच्या शिक्षणानंतर छात्राला एकट्याने उड्डाण करण्याची अनुज्ञा मिळे. या टप्प्यावर अपात्र ठरणाऱ्यांना गाळले जाई. त्यामुळे महागडी, वेगवान विमाने व पुढील शिक्षणाचा खर्च वाचत असे.

स्वातंत्र्योत्तर काळ : फाळणीत रिसालपूर व पेशावर पाकिस्तानात गेले. भारताकडे राहिलेल्या केंद्रांत अंबाला व जोधपूर यांना विशेष महत्त्व आले. अंबाला येथे पहिली, तर जोधपूर येथे दुसरी हवाई दल अकादमी कार्य करू लागली. पुढे जोधपूरच्या संस्थेस वैमानिकी महाविद्यालय हे नाव मिळाले. पुण्याजवळील खडकवासला येथे १९५४ च्या अखेरीस राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी सुरू झाली. तेथील हवाई शाखेचे छात्र तिन्ही दलांचे सामाईक शिक्षण पुरे करून उड्डाणासाठी जोधपूरला जात.

टायगर मॉथची जागा पुढे पर्सिव्हल प्रेंटिस व एचटी-२ या विमानांनी घेतली. एचटी-२ हे भारतात अभिकल्पित केलेले पहिले शिक्षणविमान. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली ते तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे प्रसिद्ध वायुगतिकीविज्ञ लूटव्हिख प्रांट्‌ल यांच्या हाताखाली संशोधन केले होते. एचटी-२ संपूर्ण धातूचे, एकपंखी व झाकलेल्या कक्षाचे असल्याने छात्राला पुढील विमानांची सवय आरंभापासूनच होऊ लागली.

स्थलांतर : सप्टेंबर १९६५ मधील भारत–पाकिस्तान युद्धात पाकिस्तानच्या बी-५७ बाँबफेकी विमानांनी जोधपूरवर रात्री वारंवार हल्ले केले. शहरातील तुरुंगावर बाँब पडून अनेक कैदी मृत्युमुखी पडले. फाळणीपूर्वी देशाच्या अंतर्भागात असलेले हे स्थान आता शत्रूच्या विमानांच्या सहज टप्प्यात आले होते. शिकाऊ विमाने निःशस्त्र व मंदगती असतात आणि युद्धकाळात त्यांच्यामुळे लढाऊ विमानांच्या हालचालींस अडथळा होतो. म्हणून शिक्षणकेंद्र आघाडीपासून दूर असणे इष्ट ठरते.

दख्खनच्या पठारावर ही सोय होती. बीदर येथे १९६३ मध्ये प्राथमिक उड्डाणशाळा निघाली होती. हैदराबादजवळ डुंडिगल येथे हवाई दल अकादमीची कोनशिला ११ ऑक्टोबर १९६७ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या हस्ते बसविण्यात आली व १९७१ मध्ये तिचे कार्य सुरू झाले. या एकत्रीकरणानंतर जोधपूरला स्वतंत्र महाविद्यालय उरले नाही.

जोधपूरचा विमानतळ मात्र बंद पडला नाही. नैर्ऋत्य हवाई विभागाखालील लढाऊ तळ म्हणून त्याचे महत्त्व वाढले. ३ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वदेशी बनावटीची ‘प्रचंड’ ही हलकी लढाऊ हेलिकॉप्टरे येथेच हवाई दलात दाखल झाली. सरहद्दीचे जे सान्निध्य शिक्षणकार्यास बाधक ठरले, तेच लढाऊ तळास उपकारक ठरले आहे.