तिकीट नसलेला प्रवासी

सैनिकांचे विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छत्रीधारी जवान उभे राहतात. वस्तुतः परदेशात पाठविलेला बहुसंख्य सैनिक उडी घेण्यासाठी नव्हे, तर केवळ एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचण्यासाठी विमानात बसतो. तोही एक प्रवासीच. फक्त त्याच्यापाशी तिकीट नसते, हुकूम असतो.

इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत अमेरिकी सैनिकांनी ज्या सी-१३० हर्क्युलिस विमानांतून असंख्य फेऱ्या केल्या, त्यांच्या पोटात खुर्च्या नसतात. नळ्यांच्या सांगाड्यावर लाल पट्टे ताणून केलेली बाके असतात आणि त्यांवर समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांत अडकतात. अशा रीतीने ९२ माणसे मावतात. अंगावर चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण, कानांत बोळे. शेजाऱ्याशी बोलायचे तर खुणांनी. खिडक्या मोजक्याच. त्यामुळे जमिनीवरचा मारा चुकविण्यासाठी विमान गिरक्या घेत खाली झेपावू लागले, की ते फक्त पोटाला कळते. या प्रवाशांवर देखरेख करणाऱ्याचे पदनाम ‘लोडमास्टर’, म्हणजे भारप्रमुख. पेट्या आणि माणसे दोन्ही त्याच्याच हिशेबात!

ही गैरसोय कोणी फारशी मनावर घेत नाही, आणि ते योग्यच आहे. विमान लष्कराचे, वैमानिकही त्याच लष्कराचा. विमान नादुरुस्त वाटले तर तो उड्डाण नाकारू शकतो. खरा प्रश्न उभा राहतो तो सरकार हे काम मक्त्याने देते तेव्हा.

२००३ साली स्पेनने तेच केले. अफगाणिस्तानच्या मोहिमेवरची मुदत संपवून घरी निघालेल्या ६२ स्पॅनिश सैनिकांना एका युक्रेनी कंपनीच्या याक-४२ विमानात बसविण्यात आले. हे विमान नाटोच्या एका संस्थेमार्फत, मक्तेदाराकडून उपमक्तेदाराकडे अशा साखळीने मिळविलेले होते. २६ मे रोजी तुर्कस्तानातील त्राब्झोन येथे इंधनासाठी उतरताना धुक्यात ते डोंगरावर आदळले. १३ कर्मचाऱ्यांसह ७५ जण ठार झाले. वैमानिक थकलेले होते. त्यांचे संभाषण टिपणारे यंत्र बंद होते. आणि अशा भाडोत्री विमानांविषयी सैनिकांनी पूर्वीच तक्रारी केल्या होत्या! एस.टी.च्या गाडीचे टायर गुळगुळीत झालेले दिसले तर तुम्हीआम्ही पुढच्या गाडीने जाऊ. सैनिकाने तसे केले तर तो आज्ञाभंग ठरतो. म्हणूनच त्याची तक्रार ऐकण्याची जबाबदारी हुकूम देणाऱ्यावर दुपटीने येते.

पुढचे प्रकरण अधिकच लाजिरवाणे आहे. दोनच दिवसांनी सरकारी इतमामाने अंत्यविधी उरकण्यात आला आणि त्यातले ३० मृतदेह भलत्याच नावांनी भलत्याच कुटुंबांच्या स्वाधीन झाले. नातेवाईक हटले नाहीत म्हणून डीएनए चाचण्या झाल्या व हे उघडकीस आले. २००९ साली एका जनरलला तीन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. अपघाताच्या वेळचे संरक्षणमंत्री फेदेरिको त्रिल्यो मात्र पुढे लंडनमध्ये राजदूत झाले. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या गोष्टी खात्यापुढे होत्या, असे स्पेनच्या राज्य परिषदेचे मत जानेवारी २०१७ मध्ये बाहेर आले, तेव्हा त्यांनी ते पद सोडले. त्याच महिन्यात नव्या संरक्षणमंत्रीबाईंनी नातेवाइकांना बोलावून सरकारची जबाबदारी मान्य केली. तोवर साडेतेरा वर्षे उलटून गेली होती.