‘बाथरूममध्ये पाय घसरला, डॉक्टर!’

मनगट सुजलेलं, डोळ्याखाली काळंनिळं. ती गप्प, बोलतोय नवराच. डॉक्टर एक्स-रे बघतात, पेनकिलर लिहितात. नेक्स्ट पेशंट!

गाडी इथेच अडू नये म्हणून महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० साली वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात ‘दिलासा’ हे केंद्र काढलं. नर्स-डॉक्टरांनाच ट्रेनिंग. आधी नवऱ्याला बाहेर बसवा, मग विचारा. एकांत नसेल तर विचारूच नका, घरी गेल्यावर त्या प्रश्नाची किंमत तीच मोजते. (हे फार कमी जणांच्या डोक्यात येतं.) सारखी डोकेदुखी, उडालेली झोप, यांमागेही मारहाण असू शकते. ‘सोडून दे त्याला’ हा सल्ला नको. आज रात्री घरी जाणं सेफ आहे का, हे आधी.

हे आपल्या फ्लॅटमध्ये होत नाही म्हणता? लग्नासारखं लिव्ह-इन असो किंवा तुमचा पगार हिसकावून घेणं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात दोन्ही येतं. तपासणीच्या रिपोर्टची कॉपी फुकट द्यायची, असा त्याचा नियमच आहे. ‘पडली’ऐवजी ‘नवऱ्याने मारलं’ असं केस पेपरवर असेल, तर कोर्टात तो पुरावा. लिहिलं नसेल, तर लिहायला सांगा. हेल्पलाइन : १८१.