चलन आणि संचय : व्योर्गल येथील प्रयोग

'चलन' हा शब्द 'चल्' या धातूपासून साधला आहे. जे हातोहात फिरते ते चलन. परंतु पैसा जसा विनिमयाचे, तसाच संचयाचेही साधन आहे. धान्य किडते, लोखंड गंजते. पैसा मात्र झिजत नाही. म्हणूनच मंदीच्या काळात तो दडवून ठेवला जातो व व्यवहार ठप्प होतो, असे सिल्व्हिओ गेझेल यांचे प्रतिपादन होते.

१९३२ च्या जुलैत ऑस्ट्रियातील व्योर्गल या गावाचे नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबेर्गर यांनी या विचाराची प्रत्यक्ष कसोटी पाहिली. नगरपालिकेने काढलेल्या श्रमपत्रांवर दरमहा त्यांच्या मूल्याच्या १ टक्का किमतीचे तिकीट चिकटवावे लागे. साहजिकच ती कोणी साठवीना. थकलेले कर वसूल झाले, रस्त्यांची व पुलाची कामे झाली. पुढे ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेच्या विरोधामुळे १९३३ मध्ये हा प्रयोग बंद पडला.

या कल्पनेचा निसर्गरक्षणाशी संबंध कोणता? द. सा. द. शे. ५ या दराने, २० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य सुमारे ३८ रुपये भरते. त्यामुळे सावकाश वाढणारे अरण्य राखण्यापेक्षा ते आजच तोडून पैसा व्याजी लावणे हिशेबाला सोयीचे दिसते. झिजणाऱ्या पैशाने हे गणित पालटू शकते. कारण तेथे साठविलेल्या पैशापेक्षा उभे झाड अधिक टिकाऊ ठरते. मात्र असा पैसा खर्चाची घाईही करवितो, आणि ती घाई उपभोग वाढवील. व्योर्गलपुढे बेकारीचा प्रश्न होता. आपल्यापुढे बेकारीबरोबर निसर्गाचा ऱ्हासही आहे. तेव्हा चलन किती वेगाने फिरते याबरोबरच ते कशासाठी फिरते, याचाही विचार करणे प्राप्त आहे.